मेल्या माणसाचा भाला

या, असे जवळ या. वारा वाढलाय, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. मागच्यांना जरा सरकून जागा द्या. मी देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो, कारण पुढे या गोष्टीत देवाचं नाव पुष्कळ जण घेणार आहेत. कोणाच्या तोंडी ते शोभलं हे तुमचं तुम्ही ठरवा. गोष्ट एका खुनाची आहे. खुनी कोण ते मी सांगेन, अगदी कारणांसकट सांगेन. फक्त खुनी सापडला की गोष्ट संपली असं धरून उठू मात्र नका.

१

कांगारूंच्या मुलखात, गोऱ्या हॅसलच्या बंगल्यात सकाळची प्रार्थना चालू होती. मालक पवित्र ग्रंथ वाचत होते, मुकादम क्रेल टोपी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता, आणि दाराशी मोलकरीण टिल्डा चहाची किटली घेऊन ‘आमेन’ची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात अंगणात घोडा फुरफुरला आणि डूली गुराखी आरडाओरडा करतच आत घुसला.

“मालक! नेड गेला! म्हातारा नेड... भाला घातलाय त्याच्या छातीत!”

टिल्डाच्या हातातली किटली हिंदकळली आणि पायावर गरम चहा सांडला. तिला तो जाणवलासुद्धा नाही. नेड पार्फिट हा तळ्याकाठच्या झोपडीत मेंढरं राखणारा म्हातारा. तरुणपणी शिक्षा म्हणून बेड्या घालून विलायतेहून जहाजातून आणलेला, आता कोणाच्या अध्यात न मध्यात. भसाड्या आवाजात देवाची गाणी म्हणायचा. मेंढरंही मान फिरवायची. आणि त्याच तळ्याच्या आसपास टिल्डाची माणसं राहत होती, त्या रानातली मूळची काळी माणसं. तिची थोरली बहीण, तिचा भाचा तारूंगा, पोरंबाळं, सगळी टोळी.

क्रेलनं डोळे उघडले. “मी सांगत नव्हतो, मालक? गेल्या पंधरवड्यात तो तारूंगा नेडच्या अंगावर धावून गेला होता. आणि आता टोळी तळ उचलून पसार झालीय. निर्दोष माणूस कशाला पळेल?”

हॅसलनी ग्रंथ मिटला, खूण घालायला विसरले नाहीत. ते त्या मुलखाचे न्यायाधीशही होते. त्यांनी एका माणसाला नदीपलीकडच्या ठाण्याकडे पिटाळलं, घोडदळाची पलटण आणायला. ती पलटण आली की काय होतं ते त्या मुलखात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. सरकारी भाषेत त्याला ‘पांगवणं’ म्हणत. पांगवलेली माणसं पुन्हा गोळा झालेली कोणी पाहिली नव्हती.

सगळे बाहेर गेल्यावर मालकांनी टिल्डाला थांबवलं.

“टिल्डा, माझ्या लेकरांना ताप आला तेव्हा तू रात्रंदिवस उशाशी होतीस. मी विसरलेलो नाही. म्हणून तुला एक संधी देतो. टोळीतल्या कोणी केलं ते शोध. पलटण उद्या दुपारी येईल. त्याआधी तो एक माणूस माझ्यापुढे उभा कर. बाकीच्यांच्या केसाला धक्का लागणार नाही.”

“शब्द देता, मालक?”

मालकांनी मिटल्या ग्रंथावर हात ठेवला. “दिला.”

टिल्डा किटली घेऊन बाहेर आली. तारूंगाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. आणि क्रेल म्हणाला ते खोटं नव्हतं. पोरगा खरंच नेडच्या अंगावर धावून गेला होता.

२

नेडला पुरायला डूली निघाला, त्याच्या मागोमाग टिल्डा गेली. डूली आयर्लंडचा, गळ्यात क्रूस, खिशात बाटली. वाटेत दोन्हींना आळीपाळीनं हात लावत होता.

झोपडीच्या दाराशी नेडचा कुत्रा मरून पडला होता. पाय काठीसारखे ताठ. चुलीच्या राखेपाशी दोन कावळे, तेही मेलेले.

“कुत्र्याला कोणी मारलं रे?” टिल्डानं विचारलं.

“ज्यानं नेडला मारलं त्यानंच. आणखी कोण?”

“कुठाय जखम?”

डूलीनं कुत्रा बुटानं उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जखम नव्हती. त्यानं बाटली काढली.

नेड आत जमिनीवर होता. टिल्डानं पुष्कळ मेलेली माणसं पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं. अंग धनुष्यासारखं मागे वाकलेलं, टाचा आणि टाळू तेवढे भुईला टेकलेले. दात घट्ट आवळलेले, ओठ मागे ओढलेले, जणू कोणी फार वाईट विनोद सांगितला आणि नेड हसता हसताच राहिला. छातीत भाला उभा होता. भाल्याभोवती सदऱ्यावर नाण्याएवढा डाग. बस. एवढा मोठा माणूस, आणि रक्त एवढंच?

“तू आलास तेव्हा असाच होता?”

“देवाच्या आईची शपथ, असाच. मी हात नाही लावला, मावशे. मला भीती वाटली त्याच्या तोंडाची.” डूली तिला गमतीनं मावशी म्हणायचा. आज गंमत नव्हती त्या म्हणण्यात.

“तुझं त्याचं भांडण होतं ना?”

“कोणाशी नव्हतं माझं भांडण? दारू पिऊन मी त्याची टोपी जाळली एकदा. तेवढ्यासाठी कोणी...” डूलीचा आवाज चढला, मग पडला. “आणि परवाच गोडी झाली आमची. इथूनच चाललो होतो, तर म्हातारा खुशीत. त्याचं पीठ संपून आठवडा झाला होता, क्रेल पाठवतो पाठवतो म्हणायचा आणि पाठवायचा नाही. तर म्हणाला, डूली, देवानं माझं गाणं ऐकलं बघ. उतारावरच्या मोठ्या कूलिबाच्या झाडाखाली पिठाची पिशवी मिळाली, भरलेली, निळ्या दोऱ्यानं तोंड शिवलेली. कोणाच्या गाडीतून पडली असेल. म्हणाला, उद्या राखेत रोट भाजतो, तूही ये खायला.”

“गेलास?”

“दारू चढली होती. झोपून राहिलो.” एवढं बोलून डूली दाराकडे वळला. मेलेल्या कावळ्यांकडे पाहत राहिला. त्यांच्या मधोमध रोटाचा करपलेला तुकडा पडला होता.

टिल्डानं झोपडी धुंडाळली. चहा होता, खारवलेलं मांस होतं, नेडची तंबाखू होती. पिठाची पिशवी मात्र कुठेच नव्हती. भुकेला चोर पीठ उचलेल हे ठीक. पण तंबाखू सोडून जाईल?

मग ती भाल्याकडे वळली. तोवर तिनं मुद्दाम तिकडे पाहिलं नव्हतं. तारूंगाचा असला तर काय करायचं, हे अजून तिच्या मनाशी ठरत नव्हतं.

भाला हलका होता, लांब, टोकाला हाडाचे तीन दात. मासे मारायचा भाला. गोऱ्यांना भाला म्हणजे भाला; पण टोळीतलं नुकतं चालायला लागलेलं मूलही हा माणसावर उगारणार नाही. मांजर मारायला कोणी चहाचा चमचा घेऊन धावतं का? तिनं तो उपसण्यासाठी हात पुढे केला, दातांच्या बुडाशी गुंडाळलेली लालसर दोरी पाहिली, आणि विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला.

भाला तिनं ओळखला होता. आणि तो ज्याचा होता, त्यानं नेडला मारणं कोणत्याही परीनं शक्य नव्हतं.

३

टोळीचा नवा तळ नदीच्या खालच्या अंगाला, खडकांच्या आडोशाला होता. टिल्डा तिथं गेली ती पाण्यातून आणि दगडांवरून, मागे कोणी लागलं तरी माग सापडू नये अशी. थोरली बहीण शिंपले भाजत बसली होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, “आली बंगलेवाली. साबणाच्या वासानं आज सगळे कांगारू पळून गेले, तेव्हाच म्हटलं, बहीण येणार.”

“ताई, हसू नको. नेड मेलाय. तारूंगा कुठाय?”

तारूंगा मागेच उभा होता. टिल्डानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “खरं सांग. तू केलंस?”

“काय केलं, मावशी?”

“नेडला मारलं?”

“मी? मी भांडलो, हो. त्याची मेंढरं पिण्याच्या पाण्यात हगत होती. मी ओरडलो, तोही ओरडला, मग त्यानं मला चहा दिला आणि गाणं म्हणायला लागला. त्यापेक्षा मारामारी बरी होती.”

बहीण फस्सकन हसली. मग टिल्डाचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं.

“त्याच्या छातीत भाला आहे,” टिल्डा म्हणाली. “आजोबांचा. मासे मारायचा.”

बहिणीनं पोरांना जवळ ओढलं. विस्तवात एक शिंपला तडकला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. त्यांचा सगळ्यांत वडील माणूस, तारूंगाचा आजोबा, मागच्या अमावस्येच्या सुमाराला गेला होता. कूलिबाखाली, त्या उतारावर, सावलीत बसल्या बसल्या गेला. म्हणून तर तळ उठवला. माणूस गेला की त्याची जागा सोडायची, त्याच्या वस्तू असतील तिथं टाकायच्या, धुरानं शुद्ध होईतो त्या वाटेनं पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांची रीत. दुःखाला थोडी मोकळी जागा द्यायची म्हणा ना. आपणही सुतकात काही वाटा टाळतोच की.

“तळ सोडल्यावर त्या झाडाकडे कोण गेलं होतं?” टिल्डानं विचारलं.

“कोण जाईल?” बहीण जवळजवळ ओरडली. “पाणी आणायला आम्ही अख्खा वळसा घालून येतो. पोरी रडतात दमून. त्याचा भाला आमच्यातलं कोणी हातात धरेल? तूच धरशील का?”

“नाही,” टिल्डा म्हणाली. “मलाही उपसवला नाही.”

“पूर्वी त्याच झाडाखालून जायचो आम्ही रोज,” तारूंगा म्हणाला. “गोऱ्यांनाही ठाऊक होतं ते.”

टिल्डानं त्याच्याकडे वळून पाहिलं. रोज. त्याच झाडाखालून. सगळी टोळी, पोरंबाळं, सगळी. गोऱ्यांना ठाऊक होतं. पिठाची भरलेली पिशवी गाडीतून पडलीच नव्हती.

तिनं तळावरची पोरं एकेक करून मोजली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेल कोठीच्या पायरीवर बसून बुटांना चरबी लावत होता. कोठीची किल्ली त्याच्या पट्ट्याला. आत रानकुत्री मारायचं विष असायचं, कुचल्याचं सत्त्व. मेंढरांच्या मुलखात ते प्रत्येक मुकादमापाशी असतं.

टिल्डानं त्याच्यापुढे चहा ठेवला.

“काय गं, हेर? सापडला का तुझा खुनी?” क्रेल दात काढून म्हणाला. “का तुझ्या भाच्याला कुठल्या बिळात लपवायचं त्याचा विचार चाललाय?”

“मी बाईमाणूस, मला काय कळतंय. मालकांनी विचारायला सांगितलं म्हणून विचारते. तुम्ही शेवटचं कधी गेला होता तळ्याकडे?”

“महिना झाला असेल. मी वरच्या मेंढवाड्यात होतो, कातरणीच्या तयारीला. विचार कोणालाही.”

“म्हणजे नेडला पीठ द्यायलाही जमलं नाही.”

“नाही जमलं. म्हाताऱ्यानं जरा पोट आवळलं तर काय बिघडतं?” त्यानं चहाचा घोट घेतला. “तुम्हा लोकांना कोडी घालण्यात मजा येते. इथं कोडं कसलं? भाला आहे, मुडदा आहे, आणि टोळी पळालीय. जाळी झाडाला टांगलेली तशीच, चामडी तशीच, शिकारीचं सामान तसंच टाकून धूम ठोकली. इतकी घाई कशाला होते माणसाला?”

“खरंय,” टिल्डा म्हणाली. “जाळीसुद्धा टाकून गेले.”

“सुद्धा!”

“फार घाई असणार.”

तिनं रिकामा कप उचलला. महिनाभर तळ्याकडे न फिरकलेल्या माणसाला झाडावरची जाळी दिसली होती. डूली त्या वाटेनं आला नव्हता, टोळी तिकडे फिरकत नव्हती, आणि नेडला त्या जाळीबद्दल बोलायला आता तोंड उरलं नव्हतं.

तिला खुनी सापडला होता. दुपार व्हायला अजून वेळ होता. बंगल्याच्या पायऱ्या चढताना तिला, खरं सांगतो, किंचित आनंदही झाला.

५

हॅसल खोलीत एकटेच होते. टिल्डानं दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं. कुठे अडखळली नाही.

“मालक, नेड भाल्यानं मेला नाही. जित्या माणसाला भाला लागला तर रक्ताचं थारोळं होतं. त्याच्या सदऱ्यावर डाग तेवढा होता. तो आधीच मेला होता. त्याचं अंग मागे वाकलं होतं, दातखीळ बसली होती. विष खाल्लेली रानकुत्री तशीच मरतात, तुम्ही पाहिलीत. त्याचा कुत्राही तसाच मेला आणि रोटाचा तुकडा टोचणारे कावळेही. विष रोटात होतं. रोट ज्या पिठाचा, ती पिशवी त्याला उतारावरच्या झाडाखाली मिळाली. ती त्याच्यासाठी ठेवलेलीच नव्हती. माझी माणसं रोज तिथून जायची. त्यांनी उचलून पोराबाळांना खाऊ घालावी म्हणून ठेवली होती. पण तिथं आमचा म्हातारा माणूस गेला आणि त्या वाटेनं जाणं बंद झालं. ठेवणाऱ्याला ही रीत ठाऊक नव्हती. पिशवी पडून राहिली आणि नेडच्या हाती लागली. नेड मेला. ठेवणारा आला, पाहतो तर गोरा माणूस मेलेला. त्यानं पिशवी उचलली, आणि सोडलेल्या तळावरचा हाताला लागला तो भाला आणून त्याच्या छातीत खुपसला. तो मासे मारायचा, आणि मेल्या माणसाचा. आमच्यातलं कोणी त्याला शिवलंही नसतं. मालक, तो सोडलेला तळ पाहिलेला माणूस एकच आहे. झाडावर टांगलेली जाळी त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली. विषाच्या कोठीची किल्ली त्याच्याच पट्ट्याला आहे. क्रेल.”

हॅसलनी चष्मा काढला, पुसला. बराच वेळ पुसला. “आणि ती निळ्या दोऱ्याची पिशवी? ती आता कुठे आहे, ते ठाऊक आहे तुला?”

“नाही,” टिल्डा म्हणाली.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. दोऱ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

हॅसलच्याही ते ध्यानात आलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“टिल्डा, तू हुशार आहेस. पण काळ्या माणसाची शपथ कोर्टात चालत नाही, ठाऊक आहे ना? तू मला सांगितलंस, मी ऐकलं, झालं. मी तुला टोळीतला माणूस आणायला सांगितलं होतं. तू गोरा घेऊन आलीस.”

“तुम्ही शब्द दिला होता. ग्रंथावर हात ठेवून.”

“एक माणूस दिलास तर, असा शब्द होता. दिलास का?” ते उठले, खिडकीशी गेले. “ते तळं वर्षभर आटत नाही. त्या पाण्याशिवाय हे रान म्हणजे नुसती माती आहे. तुझ्या लोकांनी आपणहून निघून जायला हवं होतं. टोळी हलली, पण कुठे गेली ते आमच्यातल्या कोणालाच सापडत नव्हतं. काल तुला सापडली.”

टिल्डाला कळलं. तिला खुनी शोधायला कोणी पाठवलंच नव्हतं. कालपासून ती ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती, तो प्रश्न या घरात कोणाला पडलाच नव्हता.

खिडकीबाहेर, नदीच्या अंगाला, धूळ उठली होती. पलटण वेळेच्या आधी आली होती.

“तू त्यांना वाट दाखवशील,” हॅसल म्हणाले. “नाहीतर क्रेल कुत्री घेऊन शोधेल. तेव्हा मी मध्ये पडणार नाही.”

६

चहाचं पाणी आणायच्या निमित्तानं टिल्डा मागच्या अंगणात गेली. डूली घोड्याला खरारा करत होता.

“डूली, तू त्या रोटाला गेला असतास तर आज माती लोटायला दुसरा कोणी लागला असता. कोणी तरी तुला वाचवलं. आता तू कोणाला तरी वाचव. नदीच्या खालच्या अंगाला खडक आहेत, तिथं जा. ताईला सांग, दगडी डोंगरात जा, काही उचलू नका, म्हातारी कोतारी पाठीवर घ्या. आत्ता जा.”

“मावशे, मला गोळी घालतील.”

“घालतील,” ती म्हणाली. “मी खोटं कशाला सांगू?”

डूलीनं क्रुसाला हात लावला. बाटलीला लावला नाही. पण तो निघाला की नाही ते पाहायला ती थांबू शकली नाही. पुढच्या दाराशी तिच्या नावानं हाका सुरू झाल्या होत्या.

पलटणीचा लेफ्टनंट पोरगेलासा होता, उन्हानं नाक सोललेलं. त्याचे शिपाई काळेच होते, दूर दक्षिणेकडून आणलेले, या नदीची भाषा न जाणणारे. क्रेल घोड्यावर बसून आला, बरोबर आणखी दोघे.

“किती लांब?” लेफ्टनंटनं विचारलं.

“पाण्यापलीकडे, साहेब. या माझ्या मागे.”

ती नदीच्या वरच्या अंगाला निघाली. खडक खालच्या अंगाला होते. ती अनवाणी पुढे, घोडे मागे. आधी गवत, मग चिखल, मग पुरुषभर उंचीची लिग्नमची झुडपं, एकमेकांत गुंतलेली, खाली काळं पाणी. घोडे अडखळू लागले. क्रेल शिव्या देऊ लागला.

“ही थेरडी आपल्याला फिरवतेय!”

लेफ्टनंटनं माग काढणाऱ्या शिपायाला पुढे बोलावलं. तो प्रौढ होता, दाढीत पांढरे केस. घोड्यावरून उतरला, वाकला, चिखलाकडे पाहिलं. तिथं बदकांशिवाय कोणाचंच पाऊल नव्हतं. त्यानं मान वर करून टिल्डाकडे पाहिलं. तीही पाहत राहिली. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. याच माणसानं दुसऱ्या कुठल्या तरी नदीवर बरोबर माग काढला असेल, पुष्कळदा काढला असेल. त्याच्या अंगावरचा लाल पट्टीचा गणवेश फुकट मिळत नाही.

“वाट बरोबर आहे, साहेब,” तो म्हणाला. “बायका आणि पोरं. पुढे गेलीत.”

पलटण पुढे गेली. दुपार कलली. पाणी टिल्डाच्या कमरेपर्यंत आलं. एक घोडा रुतला, त्याला ओढून काढण्यात वेळ गेला, आणि त्या सगळ्या वेळात ती झुडपाला धरून स्वस्थ उभी राहिली. दूर दक्षिणेला, दगडी डोंगराच्या बाजूला, तिला एक धुराची रेघ दिसली. बारीक, सरळ, मग विझवलेली. वर पोचल्यावर मागच्यांना कळावं म्हणून टोळी अशी खूण करते. म्हणजे डूली गेला होता.

लेफ्टनंटनंही धूर पाहिला. त्यानं धुराकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग तिच्याकडे. सोललेलं नाक लालबुंद झालं.

“कुठे आहेत ते?” त्यानं विचारलं.

“तुमचे घोडे पोचणार नाहीत तिथं, साहेब,” टिल्डा म्हणाली. मग क्रेलकडे वळली आणि सगळ्या शिपायांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, इंग्रजीत बोलली. “म्हाताऱ्या नेडला या माणसानं मारलं. पीठ यानं ठेवलं. ठेवायला मालकानं सांगितलं. कोर्ट ऐकणार नाही, म्हणून तुम्ही ऐका.”

पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला कळलं. लिग्नममधली बदकं एकदम उडाली, एवढं सांगतो.

टोळी डोंगरावर पोचली, पण सगळी नाही. थोरली बहीण दमून वाटेत बसली ती पुन्हा उठलीच नाही. तिनंच तारूंगाला पुढे हाकललं. पलटणीनं परतताना नदीवर दुसरीच एक टोळी गाठली, ज्यांनी नेडचं नावही ऐकलं नव्हतं, आणि सरकारात कळवलं की पांगवलं. डूलीला हॅसलनी कामावरून काढलं. पुढे जिथं जिथं चार माणसं भेटली तिथं तो ही गोष्ट सांगत राहिला. दारुड्याची बडबड म्हणून लोक हसत राहिले. क्रेल म्हातारा होऊन अंथरुणात मेला. हॅसलनी चर्च बांधलं. अजून उभं आहे.

तारूंगाची नातवंडं, पतवंडं आज आहेत. मी त्यांच्यात राहिलो, त्यांच्या पंगतीत जेवलो, त्यांच्याच तोंडून हे ऐकलं. त्यांतल्या कित्येकांना देवाची गाणी सुरेख म्हणता येतात, आणि ती म्हणताना मला वाटतं की देवानं त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. त्यानं पाहिलं, आणि तो अजून बोललेला नाही.

टिल्डा हे नाव बंगल्यातल्या बाईनं ठेवलेलं. तिचं खरं नाव मी एकदा विचारलं, तर सगळ्यांत वयस्क आजीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. गेलेल्यांचं नाव ती माणसं घेत नाहीत. म्हणून मलाही ते ठाऊक नाही आणि तुम्हीही मागू नका. नावाशिवायच आठवण ठेवा तिची. आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मोठ्यानं खरं बोललेली ती एक बाई मनात आणा, एवढंच तुमच्याकडे मागतो.